जाडी आणि बारकी

४ जून

प्रिय भिंगरे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र प्रूफवाल्यांनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला ऐकायचं होतं म्हणून, दुसऱ्यांदा माझा विश्वास बसेना म्हणून. हे पत्रही तेच लिहून घेतायत. समोरच्या खोलीतून स्वतःची खुर्ची घेऊन येतात, कारण माझी डुगडुगते. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, मी श्वास घेतला की लगेच स्वल्पविराम देतो. फोनवर बोललो असतो, पण माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तुला वाटतं आजी शिट्टी मारतेय.

तुझ्या बापाची बदली झाली त्याला चार महिने झाले. गेलात तेही नेमके तुझ्या आईच्या आईच्या गावात. मी काही बोलले नाही. आता तू लिहितेस की दर शनिवारी वाचनालयात जनावरांचा खेळ मांडतेस, पाच मुलं जमतात, आणि शेजारी गणिताची आजी बसते. बसू दे. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, मी आयुष्यभर बाइंडिंगखान्यात छापील पानांचे फर्मे शिवले. तिने पुस्तकं वाचली. मला अक्षर येत नाही, पण तिच्या पुस्तकांची पानं वाऱ्यावर गेली नाहीत ती माझ्यामुळे, एवढं तिला कुणीतरी सांगा.

आपला खेळ आठवतो का? स्वयंपाकघरातलं टेबल, दोन फासे. तू त्या कार्टूनमधल्यासारखी जनावरं पकडत हिंडणारी पोर, आणि मी बाकी सगळं: जंगल, नदी, वाघ, वाघाची आई. तू म्हणायचीस, ‘मी झुडपामागे लपते.’ मी म्हणायचे, ‘झुडूप जागं झालं, आता काय करतेस?’ मोठा आकडा आला की जनावर तुझं, बारीक आला की तुझी चप्पल जनावराची.

सहज विचारते. गणिताच्या आजीचा वाघ शिंकतो का? की आधी शिंकेची बेरीज करावी लागते? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं. मला हेवाबिवा वाटत नाही. प्रूफवाले विचारतात, हे वाक्य अधोरेखित करू का. नको म्हटलं.

तुझी,
आजी

•

१२ जून

प्रिय आजी,

गणिताच्या आजीचा वाघ शिंकतो. पण तुझ्यासारखा नाही शिंकत. आता खूश?

एक मोठं काम आहे, म्हणून हे जाड पाकीट. नीट ऐक. ते कार्टून आहे, पत्ते आहेत, पण टेबलाभोवती बसून गोष्ट करत खेळायचा खेळ कंपनीने काढलेलाच नाही. म्हणून जगभरचे वेडे लोक स्वतःच नियम लिहितात. आम्ही तसे दोन करून बघितले. एकात पहिलं जनावर पकडेपर्यंत वाचनालय बंद झालं. दुसऱ्यात नियमच इतके थोडे होते की सगळी भांडलो. मग ठरवलं, आपणच लिहायचं.

आता आमच्याकडे दोन वह्या तयार आहेत. एक जाडी, एक बारकी. एक मी लिहिलीय, एक गणिताच्या आजीने. कुठली कुणाची ते सांगणार नाही, कारण तू पक्षपात करशील. करशीलच. दोन्ही टाइप केलेल्या आहेत, म्हणजे अक्षरावरून प्रूफवाल्या आजोबांनाही कळणार नाही.

या तुझ्याकडेच ठेव, अशाच दोन प्रती इथे आहेत. तू दोन्ही ऐक, खेळून बघ आणि सांग कुठली चांगली. तू सांगशील तीच वर्षभर खेळायची असं टेबलावर ठरलंय. मी सगळ्यांना सांगितलंय की जनावरं तुझ्याइतकी कुणालाच कळत नाहीत. तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे, तर मला लाज वाटेल असं काही लिहू नकोस. आणि नाव शोधत बसू नकोस. फक्त वही बघ.

आजी, खरंखुरं सांग हां. मला फार उत्सुकता आहे. झोप येत नाही इतकी.

तुझी,
भिंगरी

•

२ जुलै

प्रिय भिंगरे आणि टेबलावरच्या समस्त मंडळींनो,

परीक्षकाच्या खुर्चीवर बसून लिहवते आहे. जाडी ऐकायला नऊ दिवस लागले. बारकी एका चहात संपली, आणि चहासुद्धा गार झाला नाही.

आधी जाडी. दोनशे बारा पानं, त्रेचाळीस तक्ते. एकेका जनावराला सात आकडे: ताकद, चपळाई, भूक, भीती, हट्ट, माया, झोप. माझ्या लग्नाच्या वेळी माझीसुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. आम्ही दोघं खेळून बघितलं. प्रूफवाले झाले जंगल, मी झाले पकडणारी. समोर काजवमांजर, शेपटीत दिवा लागलेला. मी म्हटलं, त्याला हळूच हाक मारते. प्रूफवाले म्हणाले, ‘थांबा, हाकेचा तक्ता.’ हाकेच्या तक्त्यात लिहिलंय, अंतर बघा. अंतराच्या तक्त्यात लिहिलंय, वारा बघा. वारा कुठल्या पानावर ते सापडेपर्यंत काजवमांजराला नातवंडं झाली असतील.

आता बारकी. सोळा पानं, मोजून एक फर्मा. दोन साधे फासे आणि तीन प्रश्न. जनावर भुकेलं आहे का? घाबरलंय का? तुला ओळखतं का? जितक्या प्रश्नांचं उत्तर तुझ्या बाजूने, तितके गुण फाशात मिळवायचे. जनावराचा जीव म्हणजे वाटीतली बटणं. मार बसला की एक बटण काढायचं, माया केली की एक टाकायचं. लिहायला नको, वाचायला नको. माझ्यासारखीसुद्धा खेळ चालवू शकते. एका दुपारी आम्ही तीन जनावरं पकडली आणि एक पळवून लावलं. प्रूफवाले वाघाला घाबरून खरंच उठून उभे राहिले.

बारकीत खोट आहे. प्रत्येक जनावर एकाच तऱ्हेने हाताळावं लागतं. कासवाला आणि वाघाला तेच तीन प्रश्न. पण चालवणाऱ्याला गोष्ट सांगता येत असेल तर हे खपून जातं.

जाडीत मात्र एक जागा अशी आहे की तिथे मला राहवलं नाही. तक्ता एकतीस. ‘पालक लांब गेल्यास मागे राहिलेल्या जनावराची माया रोज एक गुणाने कमी. शून्य झाल्यावर जनावर पालकाला विसरते.’ वा! आठवण म्हणजे काय विजेचं मीटर आहे, रोज एक युनिट? हे लिहिणाऱ्याला कुणी कधी सोडून गेलेलं नसावं, आणि गेलं असेल तर त्याने ते वेळापत्रकात टिपून ठेवलं असावं. या वहीत डोकं भरपूर आहे, काळीज मात्र वर्गाबाहेर उभं केलंय.

कुठली कुणाची हे मी विचारत नाही. पण जन्मभर हातात खडू धरला की बोटं पांढरी होतातच, आणि ती वहीवर उमटतात.

प्रूफवाल्यांना जाडी आवडली. म्हणतात, लिहिणाऱ्याने फार जीव लावलाय. त्यांचं सोडा. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, एखाद्या वहीत चूक सापडली नाही की त्यांना भरून येतं.

निकाल: बारकी. कितीतरी पटीने बारकी. जिने लिहिली तिच्या पाठीवर माझा हात.

सर्वांची,
आजी

•

९ जुलै

प्रिय आजी,

पत्र पोचलं. शनिवारी टेबलावर वाचलं. बारकी निवडली.

इथे सगळे ठीक आहेत. चाचणी परीक्षा आहेत म्हणून जास्त लिहीत नाही. प्रूफवाल्या आजोबांना थँक्यू सांग.

भिंगरी

•

२० जुलै

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

आपली गाठ पडून वर्षं झाली. लग्नात भेटलो, मग बारशाला. तेव्हाही आपण पाळण्याच्या उजव्या बाजूला उभ्या होतात आणि फोटोत मी अर्धीच आले. मी ते कधीच बोलून दाखवलं नाही.

वाचनालयातला निकाल लागला असं कळलं. मनावर घेऊ नये. वय झालं की माणसाला पोरांसोबत खेळावंसं वाटतं, ते चांगलंच आहे. पण गोष्ट सांगणं ही वेगळी कला आहे, तिला पाढे लागत नाहीत. आपली वही भारदस्त होती. दाराला अडसर म्हणून उत्तम.

आपल्याला वाटेल, ह्या अडाणी बाईने कुठली कुणाची ते कसं ओळखलं. ऐका तर. अक्षर मला येत नाही, पण शिवण येते. बारकी हातात घेतली आणि कण्यावरून बोट फिरवलं. मधल्या भोकातून आत, मग वर, मग एकदम खाली, आणि गाठ घडीच्या आत दडवलेली. चौतीस वर्षं मी ती गाठ मारली. बाजारात कुणी मारत नाही, वेळ जातो म्हणून. ती मी या जगात एकीलाच शिकवली, माझ्या नातीला. आणि जाडी? दुकानातून स्पायरल घालून आणलेली. तेव्हाच म्हटलं, हे विहीणबाईंचं काम. माणूस वाचायला शिकला की शिवायचं विसरतो.

एक विचारते. पोरीचं पत्र चार ओळींचं आलं. जिंकलेलं पोर एवढं कमी बोलतं का? तिचं जेवण नीट होतंय ना? आपण तिला सकाळ-संध्याकाळ अभ्यासाला बसवत असाल तर थोडं सैल सोडा. माझ्याकडे होती तेव्हा दिवसभर बडबडायची.

आपली,
विहीण

•

२९ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

आपले पत्र मिळाले. गृहीतक चुकल्यामुळे उत्तर चुकले आहे. पायऱ्या मांडते.

बारकी मी लिहिली. जाडी भिंगरीने लिहिली.

माझी सोळा पाने सुटी होती. भिंगरी म्हणाली, ‘मी शिवून देते, आजीची गाठ मारते.’ तासभर बसून तिने ती शिवली. तिच्या स्वतःच्या दोनशे बारा पानांना मात्र तिचे दाभण पुरले नाही. तीनदा दोरा तुटला, बोटाला लागले, तेव्हा रडत दुकानात गेली. आपण शिवण अचूक ओळखलीत. फक्त हात कुणाचा आणि वही कुणाची हे दोन वेगळे प्रश्न होते.

ती जाडी तिने अडीच महिने लिहिली. इथे आल्यावर पहिले काही आठवडे तिला कुणी मित्र नव्हते, तेव्हा सुरुवात केली. शाळेतून आली की लिहायची. मी एकदा म्हटले, एवढे तक्ते कशाला? म्हणाली, आजीला सगळे तोंडपाठ असते, मला नाही, मला लिहून ठेवावे लागते.

शनिवारी आपले पत्र तिने उभे राहून वाचले. हाकेचा तक्ता आला तेव्हा मुले हसली, तीही हसली. तक्ता एकतीस आला. आवाज तसाच राहिला, बोट मात्र ओळीवर थांबले. खडूपर्यंत पोचल्यावर तिला कळले की आपल्याला काय वाटले आहे. तरी शेवटपर्यंत वाचले.

मी तिला थांबवायला हवे होते. थांबवले नाही. आपण माझे कौतुक करत होता, आणि मला पुढचे ऐकायचे होते. अडतीस वर्षे मी इतरांच्या वह्यांवर शेरे मारले, माझ्या वहीवर कुणी मारला नव्हता. ही माझी चूक मी आपल्याला कळवते आहे.

दुसरी गोष्ट कळवायची नव्हती, पण अर्धे उत्तर देण्याची मला सवय नाही. बारकी मला सुचलेली नाही. दर शनिवारी मी वाघ झाले की भिंगरी म्हणायची, ‘आजीचा वाघ असं करणार नाही.’ अस्वल झाले की, ‘आजीचं अस्वल वेगळं आहे.’ तेही माझ्याच शेजारी बसून. शेवटी मी वही घेतली, तिला विचारले, तुझी ती आजी नेमके करते तरी काय? आणि ती सांगत गेली तसे लिहीत गेले. सोळा पानांत मावले. तीन प्रश्न आपले आहेत. वाटीतली बटणेही आपलीच आहेत असे ती म्हणते. तेव्हा आपण परीक्षक म्हणून आपलीच पाठ थोपटलीत. पंधरा मिनिटे ती थाप मी माझी समजून बसले होते, आणि खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले.

तक्ता एकतीस आपल्यावर आहे. मागे राहिलेले जनावर कोण, हे एव्हाना आपल्या लक्षात आले असेल.

फोटोबद्दल: मला पाळण्याच्या उजवीकडे छायाचित्रकाराने उभे केले होते.

आपली,
विहीण

•

३ ऑगस्ट

माझ्या भिंगरे,

तुझ्या गणिताच्या आजीचं पत्र प्रूफवाल्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले, वर बघेनात. शेवटी म्हणाले, ‘मी म्हटलं होतं.’ मी म्हटलं, तेही लिहा पत्रात, म्हणजे तुमचा जीव शांत होईल. तर लिहिलंय: प्रूफवाल्यांनी म्हटलं होतं.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुसरं काय सांगू? मी नेम धरला विहिणीवर आणि लागलं तुला. नऊ दिवस ते वाचत होते आणि नऊ दिवस मी मनात एकच ऐकत होते, की ही वही तिची, ही तिची. तुझं एक वाक्यही कानात शिरू दिलं नाही. तुला सांगून ठेवते, मला गणिताच्या आजीचा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो. तिला तुझी शाळा सुटल्याची घंटा ऐकू येते, मला कानात नुसती शिट्टी ऐकू येते.

मी निकाल फिरवते. जाडी श्रेष्ठ. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तक्ते उत्तम. एकतीस तर सगळ्यांत उत्तम, असा तक्ता कुणी लिहिला नसेल. हे पत्र टेबलावर वाच, मोठ्याने वाच, आणि वर्षभर जाडीच खेळा. आजीने सांगितलंय म्हणून सांग.

रागावू नकोस.

तुझी,
आजी

•

१४ ऑगस्ट

प्रिय आजी,

हे पत्र मी टेबलावर वाचलं नाही आणि वाचणार नाही.

आधी तू गणिताच्या आजीवर जळून जाडीला वाईट म्हटलंस. आता मला वाईट वाटलं म्हणून चांगली म्हणतेस. दोन्ही वेळा माझी वही कुणी बघितलीच नाही. मी तुला म्हटलं होतं, फक्त वही बघ.

हाकेचा तक्ता खरंच वाईट आहे. मला माहितीये. अंतर आणि वारा एकत्र करता आले असते. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस उत्तम म्हणालीस तेव्हाच कळलं की तू पुन्हा खोटं बोलतेस. आणि तुला खोटं बोलता येत नाही, तू खूप जास्त बोलतेस.

तुला एकटीलाच हेवा वाटत नाही. इथे सगळी मुलं शनिवारी आल्या आल्या गणिताच्या आजीच्या खुर्चीला चिकटतात. ती बारकी चालवते आणि वाटीत बटणं टाकते, आणि सगळी ओरडतात. मी कोपऱ्यात बसते. ती खेळतेय तुझा खेळ. माझा खेळ! आपला होता तो. आणि मीच तिला सगळं सांगितलं. मीच शिवूनसुद्धा दिली. रात्री मला वाटतं की उठावं आणि ती शिवण उसवून टाकावी. मग वाटतं, गाठ तुझी आहे.

मला माफी नको. एकदा खरी परीक्षा कर. जाडी मी लिहिलीय हे माहीत असताना कर, आणि तरी खरं सांग. वाईट असेल तर वाईट सांग. पण मग ती का वाईट आहे ते मला दाखव. नाहीतर ती मी कायमची कपाटात ठेवीन.

आणि तक्ता एकतीस विचार करून सांग. तो मी सगळ्यांत शेवटी लिहिला होता.

भिंगरी

•

१२ सप्टेंबर

प्रिय भिंगरे,

उशीर झाला, कारण काम केलं. प्रूफवाले रोज चारला येतात, आम्ही जाडी उघडतो आणि खरोखर खेळतो. माझं एक जनावर आहे, काजवमांजर, त्याचे सातही आकडे मला आता पाठ आहेत. प्रूफवाल्यांचं कासव आहे, ते अजून पहिल्याच नदीवर आहे. चूक तक्त्याची नाही, त्यांची.

तू लिहिलंस ते खरं ठरलं: हाक, अंतर आणि वारा एका पानावर येतात. प्रूफवाल्यांनी एक पान करून बघितलं, सोबत जोडलंय. अशी अकरा पानं गेली तर वहीला काही होत नाही, उलट श्वास मोकळा होतो. पकडण्याचा तक्ता फार लांब आहे. पण नववा, झोपेचा, हात लावू नकोस. दमलेलं जनावर ज्याच्या अंगावर रेलून झोपतं त्याच्यावर दुसऱ्या दिवशी हल्ला करत नाही, हे तुला कुणी सांगितलं? बारकीत हे नाही. बारकीत वाघ आणि कासव एकच, मी तेव्हाही म्हटलं होतं. जाडीत काजवमांजर हट्टी आहे आणि कासव भित्रं आहे, आणि दोघांना वेगवेगळं चुचकारावं लागतं. पहिल्या वेळी मला हे ऐकूच आलं नाही. मी तेव्हा विहिणीची पावलं ऐकत होते.

तर खरी परीक्षा: जाडी चांगली वही आहे, जरा जाड आहे. बारकी चांगला खेळ आहे, पण तो चालवायला मी लागते, किंवा माझी नक्कल करणारी बाई. तुझी वही मी नसतानाही चालेल. हे म्हणायला मला अजिबात आवडत नाही, म्हणजे खरं असणार.

आता एकतीस. तो चुकला आहे. आधी म्हटलं होतं तसा नाही, दुसऱ्या तऱ्हेने. मी चोवीस दिवस रोज बघितलं, प्रूफवाल्यांनी टिपलं. तू लिहिलंस, माया रोज एक गुणाने कमी होते. तसं होत नाही. पहिले सात दिवस काहीच झालं नाही. मी बाजारात गेले, दळण आणलं, शेजारणीशी भांडले. आठव्या दिवशी पलंगाखाली झाडू घातला आणि तुझा एक मोजा निघाला. एकदम पाच गुण. पुढे चार दिवस पुन्हा काही नाही. म्हणून रोज एक असं नको. रोज सकाळी फासा टाकायचा. दोन ते सहा आला तर दिवस नेहमीसारखा. एक आला की पाच कमी.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे. तू लिहिलंस, शून्य झालं की जनावर विसरतं. भिंगरे, तेवढंच तर होत नाही. शून्याला पोचलेलं जनावर विसरत नाही, बिघडतं. दुसऱ्याच्या दारात त्याला आपल्या माणसाची चाहूल लागते. कुणी नुसतं शेजारी बसलं तरी गुरगुरतं. पाच गुण गेलेल्या जनावराला अंधारात माणूस ओळखू येत नाही, आणि मग ते नको त्याला चावतं. बहुतेक वेळा आपल्याच माणसाला, कारण तेच सगळ्यांत जवळ असतं.

तिथे असं लिही: शून्य झाल्यास जनावर चावते. मारू नये. बांधू नये. पालकाने येऊन त्याच्यासमोर बसावे.

वाटल्यास ठेव, नाहीतर खोड. वही तुझी आहे. स्वयंपाकघरातलं टेबल मी पुसून ठेवलंय. सुट्टी कधी लागते ते कळव, आणि येताना गणिताच्या आजीला आणायचंच असेल तर आण. तिला म्हणावं, पहिल्या दिवशी लांब बस.

तुझी,
आजी